परत न मागितलेली मशाल

मित्रांनो, मी एक विझलेली मशाल आहे. वयाने मी फार जुनी नाही. पण आयुष्यात एकदाच पेटायचं नशिबात असलं की म्हातारपण लवकर येतं. सध्या मी ग्लासगोत, एका फ्लॅटमधल्या कपाटात, खोक्याच्या आत, फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पडून आहे. माझ्या एका बाजूला सही केलेला फुटबॉलचा शर्ट आहे, दुसऱ्या बाजूला कसल्याशा शर्यतीची पदकं. आम्ही सगळे विक्रीला आहोत. रोज कुणीतरी आमचे फोटो बघतं, आम्हाला मात्र कुणी बघत नाही.

माझा जन्म कॉव्हेंट्रीचा. लंडनला खेळांचा तो मोठा सोहळा होणार होता, त्या वर्षी माझ्यासारख्या हजारो मशाली तयार झाल्या. सोनेरी रंग, अंगभर बारीक गोल भोकं आणि आत गॅसचं छोटंसं नळकांडं. भोकांमुळे माझं वजन कमी झालं होतं. लहान मुलालाही मला धरता यावं इतकी मी हलकी होते, आणि याचाच मला सगळ्यात जास्त अभिमान होता.

माझ्या वाट्याला शशिधरकाका आले. ते कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात मुलांचे फिजिओथेरपिस्ट होते. अपघातात पाय मोडलेली, आजारपणात चालणं विसरलेली मुलं त्यांच्याकडे यायची आणि महिनोन्महिने रडत, रुसत, पुन्हा चालायला शिकायची. अशाच मुलांच्या आईवडिलांनी मशाल घेऊन धावण्यासाठी काकांचं नाव सुचवलं. अंतर होतं जेमतेम तीनशे मीटर. पण काकांनी तयारी अशी केली, की लंडनपर्यंत जणू त्यांनाच पळायचं होतं. घरामागच्या बागेत ते लाटणं उंच धरून धावायचे. त्यांच्या पत्नी, सुहासिनीकाकू, स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायच्या, "अहो, नेबर्स बघताहेत! आणि पोळ्या व्हायच्यात अजून, ते लाटणं द्या इकडे!" ही गोष्ट काकू पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या, म्हणून मला पाठ आहे.

धावून झाल्यावर मला विकत घ्यायची सोय होती. काकांच्या वॉर्डातल्या नर्सेसनी, डॉक्टरांनी आणि सफाईवाल्यांनी वर्गणी काढून मला त्यांच्यासाठी घेतलं. माझी तेवढी एकच विक्री मी अभिमानाने सांगते.

तुम्हाला वाटेल, मग मी दिवाणखान्यात काचेआड जाऊन बसले असेन. छे! काका मला कापडी पिशवीत घालून वॉर्डात न्यायचे. तिथे नियम एकच होता. जे मूल आपल्या पलंगापासून खिडकीपर्यंत कुणाचाही हात न धरता जाईल, त्याच्या हातात मशाल द्यायची. मग ते मूल मला उंच धरून परत पलंगापर्यंत यायचं आणि अख्खा वॉर्ड टाळ्या वाजवायचा. किती चिकट, घामेजलेल्या, बिस्किटाचा चुरा लागलेल्या हातांनी मला धरलं असेल! काका रिटायर झाले तरी आठवड्यातून एक दिवस ते वॉर्डात जायचे, आणि त्यांच्यासोबत मीही जायचे.

दसऱ्याला काकू माझी पूजा करायच्या. त्या घरात शस्त्र म्हणावं असं काही नव्हतंच. काकांचा गुडघ्यावर ठोकायचा रबरी हातोडा, काकूंची विळी आणि मी, असे आम्ही तिघे पाटावर बसायचो. तेलात कालवलेलं कुंकू काकू माझ्या मुठीवर लावायच्या. वर्षानुवर्षं लावून तिथे एक तांबूस डाग पडला होता. आठ हजार बहिणींमधली मी कोणती, हे त्या डागावरून कुणालाही ओळखता आलं असतं.

आता राजबद्दल सांगते. राज पुण्याचा. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, वर्क व्हिसावर आलेला, तिथल्या मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात खुर्च्या लावण्यापासून प्रसाद वाटण्यापर्यंत सगळीकडे पुढे. काकांच्या घरी तो हक्काने जेवायला यायचा. एका गणपतीच्या आधी तो म्हणाला, "काका, या वर्षी एक एक्झिबिशन करतोय आपण, आपल्या लोकांच्या अचीव्हमेंट्सचं. मशाल दोन दिवस द्या ना. आणि एक लेटर पण लिहून द्या, तुमची सगळी स्टोरी, खाली सही. फ्रेम करून बाजूला लावू."

काकांनी आपल्या सुरेख अक्षरात दोन पानं इंग्रजी पत्र लिहिलं. वॉर्डातल्या मुलांबद्दल लिहिलं, खिडकीबद्दल लिहिलं, सोबत धावतानाचा फोटो दिला. काकू म्हणाल्या, "परत कधी देणार ते विचारा त्याला."

"अगं, घरच्या मुलाला असं विचारतात का? बरं दिसत नाही."

मित्रांनो, माझ्या सगळ्या दुर्दैवाचं मूळ या 'बरं दिसत नाही'त आहे. मी खूप देशांची माणसं पाहिली, पण दिलेली वस्तू परत मागताना आपणच चोरी केल्यासारखं तोंड करणारी माणसं मला याच घरात भेटली.

प्रदर्शन झालं, गणपती गेले. मी राजच्या खोलीत, वॉर्डरोबच्या तळाशी येऊन पडले. काकांचा फोन यायचा. ते राजच्या आईची तब्येत विचारायचे, ऑफिसचं विचारायचं विसरायचे नाहीत, हवेबद्दल बोलायचे, आणि माझं नावही न घेता फोन ठेवायचे. मी आतून तडफडायचे. मागा ना काका, एकदा तरी मागा! दिवाळी गेली, ख्रिसमस गेला. एके दिवशी राजने माझे फोटो काढले, लंडनजवळच्या इलफर्डच्या एका व्यापाऱ्याला पाठवले, आणि तो व्यापारी मला लगेच घ्यायला तयार झाला. मी टेबलावर होते, राज माझ्याभोवती प्लास्टिक गुंडाळत होता, तेवढ्यात काकांचा फोन आला. राजचे हात अडकले होते म्हणून त्याने तो स्पीकरवर घेतला.

"राज, बिझी आहेस का? विशेष काही नाही रे. ती मशाल... म्हणजे घाई नाही हं. पण वॉर्डात नीना म्हणून आठ वर्षांची मुलगी आहे. कार ॲक्सिडेंट झाला होता. गुरुवारी ती खिडकीपर्यंत चालणार आहे. मी तिला प्रॉमिस केलंय."

राजचे हात थांबले. मला वाटलं, हा आता प्लास्टिक सोडवणार. मग तो म्हणाला, "हो काका, एकदम सेफ आहे. लॉफ्टमध्ये आहे, काढून ठेवतो. वीकेंडला ड्रॉप करतो."

"वीकेंडला? बरं, बरं. सावकाश."

'गुरुवारी हवी' एवढंही त्यांच्याच्याने पुन्हा म्हणवलं नाही. बुधवारी कुरिअर आलं आणि मला घेऊन गेलं. सोबत काकांचं पत्र आणि फोटोही गेला.

इलफर्डच्या दुकानदाराने पहिल्याच दिवशी माझ्या मुठीवरचा तांबूस डाग पाहिला आणि तोंड वाकडं केलं. कसल्याशा द्रावणाने त्याने तो घासून काढला. डागाबरोबर तिथला सोनेरी रंगही गेला. मग त्याने काकांचं पत्र वाचलं आणि त्याचा चेहरा खुलला. माझ्यासारख्या मशाली बाजारात पुष्कळ होत्या; असं पत्र असलेली मशाल मात्र एखादीच. त्याने पत्राचा फोटो माझ्या फोटोच्याही वर टाकला आणि मला ऑनलाइन लिलावाला लावलं.

त्या फोटोमुळेच काकूंना मी सापडले. नवऱ्याचं अक्षर त्या ओळखणार नाहीत तर कोण? चार दिवसांनी दोघं कॉव्हेंट्रीहून ट्रेनने दुकानात आले. दुकानदार काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, मला बाहेर काढलं, आणि काकांपुढे पांढरे हातमोजे ठेवले. हातमोजे घातल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही, असा त्याचा नियम होता. काका निमूटपणे हातमोजे घालू लागले. काकूंना राहवलं नाही. "अहो, आपलीच आहे ती! हातमोजे कसले घालताय?" काकांनी तरीही घातले. त्या कापडातून मला त्यांचा हात ओळखू आला नाही. काकूंनी वाकून मुठीवरची घासलेली जागा पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले.

दुकानदाराने राजला पैसे दिल्याचा कागद दाखवला. त्याने मला रीतसर घेतलं होतं. तक्रार करायची तर राजविरुद्ध करा, म्हणाला. बोली सुरू झाली होती, ती रविवारी संपणार होती.

"पोलिसांत जाऊ या," काकू म्हणाल्या. "सरळ चोरी आहे ही."

"त्याचा व्हिसा जाईल गं. जॉब जाईल. त्याच्या आईला काय तोंड दाखवू मी?"

"आणि नीनाला?"

काकांनी हातमोजे काढले. मग म्हणाले, "चालली ती गुरुवारी. खिडकीपाशी पोचून तिने विचारलं, टॉर्च कुठाय? मी म्हटलं, आणतो. ती तिथेच उभी राहून वाट बघत होती. पाय थरथरायला लागले तरी बसेना."

शेवटी काकांनी ठरवलं, की पोलीस नको, आपणही बोली लावू. मित्रांनो, स्वतःची मशाल विकत घ्यायला निघालेला माणूस मी त्या रविवारी पाहिला. पाहिला म्हणजे, दुकानदाराच्या पडद्यावर काकांच्या नावाचा आकडा चढताना पाहिला. काकांनी एक आकडा टाकला की दुसरीकडून त्याहून मोठा यायचा. ते पत्र वाचून लोक भारावत होते आणि भारावून किंमत वाढवत होते. काका आपल्याच चांगुलपणाविरुद्ध बोली लावत होते. त्यांच्या पेन्शनला झेपेल तिथपर्यंत ते आले, मग अजून थोडे पुढे आले, आणि थांबले. मी जळले त्या दिवशीही मला इतकं जळल्यासारखं झालं नव्हतं.

मला जिंकलं ग्लासगोच्या संजयने. हाही आपलाच मराठी माणूस, बँकेत काम करतो. मी आल्यावर त्याची बायको अक्षया कौतुकाने पुढे झाली, तर तो म्हणाला, "हात नको लावूस, फिंगरप्रिंट्स येतात. इन्व्हेस्टमेंट आहे ती." त्याने फोटो काढले, दुप्पट किंमत लिहिली आणि मला कपाटात ठेवलं. इतक्या किमतीला गिऱ्हाईक मिळेना, तो मात्र निवांत होता. अशा वस्तूंचा भाव वाढतच जातो, असं तो म्हणायचा. अशी तीन वर्षं गेली. मी वाट बघत राहिले. काका पैसे साठवत असतील, काहीतरी करत असतील, असं रोज स्वतःला सांगत राहिले.

मग गेल्या महिन्यात एका सकाळी कपाटाबाहेरून संजयचा आवाज आला. "अगं, तो गेला वाटतं. मंडळाच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलंय. डिस्क्रिप्शन अपडेट करायला हवं."

"कोण गेला?"

"आपला टॉर्चवाला."

काका गेल्याचं मला असं कळलं. कपाटाबाहेर थोडा वेळ बटणांची टकटक ऐकू आली. 'मशालवाहक आता हयात नाहीत' अशी ओळ माझ्या फोटोखाली आली आणि किंमत एक तृतीयांशाने वाढली. अक्षया हळूच म्हणाली, "अरे, त्यांच्या घरी कुणी असेल ना? त्यांना देऊन टाकू या का?" संजय म्हणाला, "वेडी आहेस का? आत्ताच तर इंटरेस्ट वाढलाय."  पुन्हा म्हणणं तिलाही बहुतेक बरं दिसलं नसावं.

मित्रांनो, वस्तू नीट जपा, धूळ पुसत जा, असं माझ्यासारखीने शेवटी सांगायचं असतं. पण मला तर फार नीट जपलं आहे. माझ्यावर धुळीचा कणही नाही आणि कुणाचा हातही नाही. म्हणून माझं मागणं वेगळं आहे. कुणाला विश्वासाने काही दिलंत आणि ते परत हवं असलं, तर मागा. पहिल्याच आठवड्यात मागा. हवापाण्याच्या गप्पा न मारता मागा, वाईट दिसलं तरी मागा. आणि दुसऱ्याची वस्तू तुमच्या हातात असेल, तर त्याने मागायची वाट बघू नका. काही माणसांना मागता येत नाही हो. त्यांच्या त्या भिडेवर कुणी घर भरू नये.

नीना आता अकरा-बारा वर्षांची झाली असेल. तिला मी अजून द्यायची राहिले आहे, हे आता फक्त काकूंच्या आणि माझ्या लक्षात आहे. काकूंजवळ तेवढे पैसे नाहीत, आणि मला पाय नाहीत.