मिठाचा बर्फ

मित्रांनो, क्रांतीताईंनी माझं झाकण उघडलं आणि आतल्या सहाही कुप्या पांढऱ्या पडलेल्या दिसल्या, त्या दिवशी आमचं नुकसान कळलं.

मी एक जुना, पत्र्याचा बर्फाचा डबा आहे. मला कोल्हापुरातल्या हुसेनचाचांनी बनवलं. पत्रा दुहेरी, मधे भुसा, वर घट्ट झाकण. असे डबे ते आईस्क्रीमवाल्यांना करून द्यायचे. मला मात्र त्यांनी बायकोसाठी, मेहमुदाबाईंसाठी केलं.

बाई कॉलेजात शिकवायच्या. सकाळी दूध कट्ट्यावर, जिथे म्हशी गिऱ्हाइकासमोरच पिळतात तिथे, जाऊन गवळण अंबूबाईंच्या म्हशीचं धारोष्ण दूध आणायच्या आणि त्यातलं एक प्रथिन वेगळं काढून कुप्यांत, गार पाण्यात ठेवायच्या. सुकं प्रथिन गप्प पडून असतं, पाण्यात ते वळतं, उलगडतं. ते बघायला परदेशातल्या मोठ्या यंत्रात त्याच्यावर क्ष-किरणांचे झटके सोडतात. झटका इतका लहान, की तेवढ्यात प्रथिनालाही हलायला सवड नसते. असे हजारो फोटो ओळीनं लावले की हालचाल दिसते. चाचांना हे बाईंनी भाकरी थापता थापता सांगितलं होतं.

अंबूबाई चेष्टा करायच्या. "दूध फोटो काढाय परदेशात चाललंय व्हय? मग म्हशीला पण न्या की. ती काय वंगाळ दिसती?"

दोन खेपा मी कुप्या घेऊन विमानतळापर्यंत गेलो. गाडीत चाचा मला मांडीवर घेऊन बसायचे. बर्फ मात्र बाई स्वतः भरायच्या. कुप्या चांगल्या पोचल्याचं कळलं, की माझ्या झाकणावरून हात फिरवायच्या. त्या दोन खेपांत प्रथिन स्थिर असताना कसं दिसतं तेवढंच कळलं. हालचालीचे फोटो तिसऱ्या खेपेत निघणार होते.

तिसऱ्या खेपेच्या कुप्या भरल्या आणि बाई आजारी पडल्या. त्यांची विद्यार्थिनी क्रांतीताई कुप्या घेऊन जाणार असं ठरलं. दवाखान्यातून बाईंनी चाचांना एवढंच सांगितलं, की बर्फ संपू देऊ नका. चार दिवसांनी बाई गेल्या.

चाचांनी बर्फ संपू दिला नाही. घरात माणसं बसलेली असताना उठून ते माझ्यात बर्फ भरत, वर मूठ मूठ खडेमीठ टाकत.

बाई गेल्याच्या आठव्या दिवशी क्रांतीताई आल्या. कुप्या गोठलेल्या. वितळल्यावर आत प्रथिनाच्या गुठळ्या, फोटोला निरुपयोगी.

"चाचा, मीठ कशाला घातलंसा?"

"आईस्क्रीमच्या डब्यात घालतोच की. बर्फ लई गार ऱ्हातंय."

"मिठानं थंडी शून्याखाली गेली, त्यानंच गोठलं. नुसत्या बर्फात गोठलं नसतं."

चाचांनी माझं झाकण परत लावलं. मग हळूच म्हणाले, "परत करता येतंय न्हवं?"

"दूध मिळंल, चाचा. बाईंचा हात कुठनं आणू?"

क्रांतीताई रागावल्या नाहीत. परदेशातल्या यंत्रावर मिळालेल्या तारखा निघून गेल्या. मी आता माळ्यावर असतो, कोरडा.

मित्रांनो, आपल्या माणसाचं काम सांभाळायची वेळ येण्याआधी ते कसं करतात, हे त्यालाच विचारून घ्या. चाचांनी विचारलं नव्हतं, कारण तेव्हा बर्फ भरायला बाई होत्या.

बाईंना ते प्रथिन वळताना बघायचं होतं. ते बघायचं राहिलं आहे.