आभाळातून उतरलेली वावटळ

"सुननी भर वावरमा मन्हं डोकं उघडं करं! पदर धरा अन् माले पोत्यासारखं नाल्यात लोटी दिन्हं. काय, तर म्हने वावटळ! अशा वावटळी मी वहाण फेकीसन बसाडी देस."

चौतीस सालच्या चैत्रात रनाळे गावात धनुबाई ज्याला त्याला हेच ऐकवत होती. मग शेतातली झोपडी कशी गेली, असं कुणी विचारलं तर म्हणायची, ती कुजकीच होती, पडली. बायका हसायच्या. सून फुलवंता खाली मान घालून भाकरी थापायची. तिला माहेरी धाडायचं ठरलं होतं; गाठोडंही ओसरीवर आलं होतं.

ठरवलं खरं, पण धनुबाई धाडणं रोज उद्यावर ढकलत होती. वावटळीतलं तिला कळत नव्हतं थोडंच? लख्ख उन्हात तापल्या भुईतून उठते ती पोरकट, पाचोळा नाचवते. जरा दांडगी असली तर वाळत घातलेली मिरची उडवते, त्याहून दांडगी वाळतं लुगडं पळवते. त्या सगळ्या खालून वर जातात. त्या दुपारी शेतात मात्र खाली भट्टीसारखा वारा, वर गारठा. दोघांच्या झटापटीत काळं आभाळच जात्यासारखं फिरू लागलं आणि त्याच्या पोटातून सोंड खाली आली.

"माय, ही उठनी नही, उतरी ऱ्हायनी!" फुलवंता ओरडली होती. आणि धनुबाई? हातात वहाण, पाय भुईला चिकटलेले. भीतीनं लुगडं ओलं झालं. फुलवंतानं लोटलं त्या नाल्यातल्या डबक्यानं ते झाकलं. घरी आल्यावर फुलवंतानं ते लुगडं मुकाट्यानं धुतलं होतं.

एके सकाळी बायका ओसरीपाशी जमल्या असतानाच पल्याडच्या मळ्याचा गिरधर गाडी घेऊन दारात आला. गाडीत झोपडीचं आढं, छपराचं मधलं लाकूड, सागाचं, ठणठणीत.

"धनुमाय, हाऊ तुमना आढा. मन्हा मळामा पडेल व्हता, चार वावरं पल्याड. चार गडी लागनात उचलाले. कशी वावटळ व्हती ही?"

बायकांचं हसू जागीच विरलं. फुलवंतानं एक शब्द काढला असता तर लुगड्याचीही गोष्ट गावभर झाली असती. तिनं नुसतं गाठोडं उचललं. धनुबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अंगणातल्या भुईत शिरावं, तर भुईही कडक.

तिनं सुनेच्या हातातलं गाठोडं हिसकलं आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी थिजनू व्हतू, अन् खोटं बोलनू. तुन्ही काही चूक नही, फुलवंता. एकच चूक, गप बठनी. पुढली बारी पदर नको धरू. झिंज्या धर!"