नाव नंतर कळवू

आमच्या संघाचं नाव स्मेल्ट्स. स्मेल्ट म्हणजे बोटाएवढा मासा. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की तो सुपीरियर सरोवरातून आमच्या पोर्ट हेस्लरच्या ओढ्यात चढतो आणि सगळं गाव बादल्या घेऊन पाण्यात उतरतं. बाकीच्या गावांनी आपल्या बेसबॉल संघांना अस्वलं, लांडगे, गरुड अशी नावं दिली. आमचा पहिला मालक एमॉस टीडमन घरांची छपरं घालायचा. तो म्हणाला, "अस्वल मी उभ्या जन्मात दोनदा पाहिलं. मासा रोज खातो." झालं, ठरलं.

पहिल्या वर्षी प्रेक्षकांचे बाक त्याने छपरांच्या उरलेल्या फळ्यांचे ठोकले होते. सामना बघून घरी गेलेला माणूस आधी बायकोकडून कुसळं काढून घ्यायचा. पहिला विजय मिळायला जून उजाडला, आणि तोसुद्धा समोरच्या संघाची बस वाटेत बंद पडली म्हणून.

त्याच जुलैत मी आलो. आमच्या धंद्यात एक प्रकार आहे. खेळाडूंची अदलाबदल करताना एका बाजूकडे द्यायला लगेच कुणी नसलं, तर कागदावर लिहितात, "एक खेळाडू, नाव नंतर कळवू." एमॉसने आपला एकुलता एक बरा फलंदाज इलिनॉयमधल्या एका संघाला दिला आणि बदल्यात असा एक बिननावाचा घेतला. तो मी. नाव कळवणारा फोन आला तेव्हा एमॉस कुणाच्या तरी छपरावर होता. मी बसमधून उतरलो तर समोर हा डांबराने माखलेला माणूस. म्हणतो, "तूच का तो नंतरचा?" पहिला महिनाभर माझ्या शर्टाच्या पाठीवर नाव नव्हतं. माझं नाव डेल्बर्ट कोवालिक, पण गावाला ते कधी लागलंच नाही. गावाने मला नंतऱ्या केलं. अजून बेकरीत शिरलो की आतून ओरडतात, "नंतऱ्या आला, पाव काढा!"

दुसऱ्याच वर्षी माझा गुडघा गेला. दुसऱ्या कुठल्याही मालकाने मला बसचं तिकीट हातात दिलं असतं. एमॉसने हिवाळ्यात हातोडा दिला आणि उन्हाळ्यात पोरांना शिकवायला उभं केलं. ज्या घरात मला राहायला खोली दिली होती, त्या घरातली लोर्ना मला मिळाली. एवढं सगळं एका बिननावाच्या माणसाला.

एमॉस जाऊन आता बरीच वर्षं झाली. संघ त्याची मुलगी थिया चालवते. दर वर्षी हंगामाच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या तळघरात तळलेल्या स्मेल्टचं जेवण असतं आणि थिया उभी राहून यंदा काय होणार ते सांगते. गोड बोलणं तिच्या घराण्यातच नाही.

"पिचर तीन चांगले आहेत, दोन बरे, आणि एक माझ्या भाच्याचा मित्र आहे," ती यंदा म्हणाली. "जाणकारांनी आपल्याला शेवटचं धरलंय. विल्किन राहिला तर आपण पहिल्या चारात येऊ. नाही राहिला तर..." तिने काट्याने मासा उचलला. "तर जेवण चांगलं झालंय, पोटभर घ्या."

विल्किन उरेन्या म्हणजे आमचा शॉर्टस्टॉप, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा. डोमिनिकन आहे. दहा वर्षं इकडच्या लहान लहान लीगमध्ये बसचे धक्के खात फिरला, आणि इथे पहिल्यांदा त्याने बायकोला बोलावून घेतलं. योकास्ता थंडीने कुडकुडत आली आणि गेल्याच महिन्यात तिला आमच्या गावात मुलगी झाली. थियाचं "तर" अडलं होतं ते गेल्या ऑगस्टपाशी. तेव्हा आमच्या कॅचरचा हात मोडला होता. रेड प्रेअरीचा संघ चालवणाऱ्या रोलंड गेबहार्टने त्याचा कॅचर दिला आणि बदल्यात लिहून घेतलं: एक खेळाडू, आतल्या फळीतला, अनुभवी, नाव नंतर कळवू. नंतर म्हणजे नव्या हंगामाच्या पहिल्या दिवशी दुपारी बारापर्यंत. आतली फळी म्हणजे बेस राखणारे गडी. आमच्या लीगमध्ये "अनुभवी" हा नुसता शब्द नाही, तो दर्जा आहे. ठरावीक वर्षं खेळलेल्यालाच तो मिळतो. थियाने ज्याला पाठवायचं ठरवलं होतं, त्या गड्याने मार्चमध्ये खेळ सोडला आणि ट्रॅक्टर विकायला गेला. उरला एकटा विल्किन.

जेवताना तो माझ्या शेजारी होता. पोरगी त्याच्या खांद्यावर झोपलेली.

"म्हाताऱ्या, खरं सांग. मला पाठवतायत ना?"

"उद्या बारापर्यंत काही सांगता येत नाही."

"म्हणजे पाठवतायत." तो पोरीच्या पाठीवर थोपटत राहिला. "रेड प्रेअरी इथून दिवसभराच्या रस्त्यावर आहे. योकास्ताला इंग्रजी धड येत नाही. आणि सप्टेंबरात हंगाम संपून परतलो की ही मला ओळखणार नाही, बघून रडेल."

मी त्याच्या ताटात अजून दोन मासे टाकले.

घरी आल्यावर मी भांडी पुसत चिडचिड करत होतो. "थियाचा इलाज नाही गं. आतल्या फळीतला, अनुभवी. असा आहेच कोण दुसरा?"

"का? तू नाहीस?" लोर्ना म्हणाली. "उद्या सकाळी तू सही करणार ना? लग्न झाल्यापासून अनुभव, अनुभव करून माझं डोकं खातोयस. जा की मग तूच."

मी हसलो. मग हातातली बशी तशीच राहिली. कारण सही मी खरोखरच करतो. एमॉसने पाडलेली पद्धत आहे: हंगामाच्या पहिल्या दिवशी मला एका दिवसापुरतं रीतसर खेळाडू करून घ्यायचं. मी पहिला फलंदाज म्हणून उभा राहतो, एक चेंडू सोडतो, टोपी काढतो, आणि माझ्या जागी खरा खेळाडू येतो. गाव टाळ्या वाजवतं. कागदोपत्री मी सेकंड बेसमन. आतल्या फळीतला. आणि अनुभवी तर इतका की लीगमध्ये माझ्या तोडीचा दुसरा निघायचा नाही.

लोर्नाचंही हसू थांबलं होतं. "अरे, मी चेष्टा केली."

"माहीत आहे. पण चूक काही नाही त्यात."

"रोलंड तुला दुसऱ्या दिवशी हाकलेल."

"बहुतेक."

"आणि नाही हाकललं तर?"

तिने माझ्या हातातली बशी काढून घेतली. "तर परसातले तुझे टोमॅटो मी बघीन," ती म्हणाली. "पण फोन रोज करायचा. आणि 'जेवलीस का' एवढंच विचारून ठेवून द्यायचा नाही."

सकाळी थिया ऐकून ताडकन उभी राहिली. "काका, वेड लागलंय का? साठी आली तुझी!"

"थिया, तुझ्या बापाने माझ्यासाठी एक चांगला फलंदाज घालवला. बदल्यात मी त्याला धड एक हंगामही दिला नाही. तरी त्याने मला ठेवलं. घर दिलं, काम दिलं, गाव दिलं. मी कशाचीही किंमत मोजली नाही गं. आता एक दिवस मी उपयोगाचा आहे, तर मला उपयोगी पडू दे."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि नाक ओढलं. "सही इथे कर, यंदा सगळ्या हंगामाची," ती म्हणाली.

रोलंड गेबहार्ट त्याच दिवशी आमच्याशी खेळायला आला होता. तो ऑफिसात आला तो विल्किनसाठी हातात नवा करडा शर्ट घेऊनच. थियाने नाव सांगितलं. तो आधी मानेपर्यंत लाल झाला. मग त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हा? हा नंतऱ्या?"

"आतल्या फळीतला, अनुभवी," थिया म्हणाली. "तुमचेच शब्द आहेत."

रोलंडला हसू फुटलं. "एमॉसची पोर शोभतेस खरी. ठीक आहे. पण ऐक म्हाताऱ्या, मी काही तुला हाकलणार नाही. माझी पोरं नुकती मिसरूड फुटलेली आहेत. धावताना चेंडू कुठे फेकायचा ते सांगायला मला माणूस हवाच होता. सप्टेंबरपर्यंत तू माझा. आणि आज पहिला फलंदाज तूच. पण माझ्याकडे शोभेचं काम नाही. बॅट फिरवायची."

त्याने करडा शर्ट माझ्या अंगावर टाकला.

विल्किनला कुणीतरी सांगितलं असावं. मैदानात मला त्या शर्टात बघून तो माझ्याकडे यायला निघाला. मी हातानेच सांगितलं, जागेवर जा, मुकाट्याने खेळ. पाहुण्यांची बॅटिंग आधी असते. मी उभा राहिलो आणि सगळे बाक एकदम शांत झाले. त्यांना अजून काही ठाऊक नव्हतं. फक्त दिसत होतं की नंतऱ्या परक्या कपड्यांत आहे.

पहिला चेंडू सवयीने सोडला. रोलंड ओरडला, "बॅट काय फोटोला धरलीस?" दुसऱ्यावर फिरवली. काय लागला! हाताला झिणझिण्या आल्या. चेंडू जमिनीवरून सरपटत दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधून निघाला, आणि मी त्या फुटक्या गुडघ्यावर पळत सुटलो.

विल्किन डावीकडे झेपावला, चेंडू उचलला आणि फेकला. पूर्ण ताकदीने, सरळ रेषेत. मी अर्ध्या वाटेवर असतानाच पहिल्या बेसवर चेंडू हातमोज्यात थाडकन बसला. आउट.

त्याने हात जरा जरी आखडता घेतला असता, तरी मी त्याला आयुष्यभर माफ केलं नसतं.

मी वाकून धापा टाकत होतो. मान वर केली तर तो जागेवर टोपी छातीशी धरून उभा होता. सगळी आतली फळी तशीच उभी. योकास्ताशेजारी लोर्ना बसली होती, पोरगी तिच्या मांडीवर. थियाने माइकवर काय सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही, पण बाक करकरले आणि गाव उठून उभं राहिलं.

सवयीने माझे पाय आमच्याच डगआउटकडे वळले.

"ए, इकडे!" रोलंड समोरून ओरडला. "आमचा आहेस आता!"

सगळं मैदान हसलं. मीही हसलो, डोळे पुसले आणि मैदान ओलांडून त्याच्याकडे चालत गेलो.