चौथ्या अक्षरापासून

"…आणि एक अक्षर वाढलं म्हणून काय आभाळ कोसळणार आहे, ताई?" साहेब म्हणाले.

साहेबांनी विचारलं नव्हतं, ऐकवलं होतं.

पार्सलच्या गोदामातलं काम म्हटलं तर एका ओळीचं. लेबलवर अकरा अक्षरांची माळ: पहिली तीन गावाची, पुढची चार खणाची, उरलेली तारखेची. मधली चार उचलायची, सरकता पट्टा पार्सल त्या खणात ढकलतो. संगणकातली ही ओळ बारा वर्षांपूर्वी ताईंनी लिहिली आणि फाइलच्या माथ्यावर आपलं नाव घातलं.

काल फाइल उघडली, तर तिथे साहेबांचं नाव. आज मालक येणार होते ना!

आणि आजपासून प्रत्येक लेबलच्या सुरुवातीला शाखेचं एक अक्षर जादा.

…मालकांसमोर पट्टा सुरू झाला. पहिलं पार्सल बेवारस खणात. दुसरंही. खणाच्या आकड्यांत गावाचं शेवटचं अक्षर घुसत होतं, आणि तसा खण कुठेच नव्हता. पट्ट्याच्या टोकाला उभे असलेले हमालदादा ओरडले, "अहो, सगळी अनाथ निघाली की!"

मालक हसले नाहीत. साहेबांनी फाइल उघडली. खण कुठून उचलायचा, त्यासाठी त्या ओळीत आकडा होता तीन.

"साधं आहे," साहेब म्हणाले आणि बोटांवर मोजू लागले. "एक, दोन, तीन, चार… खण आता पाचव्या अक्षरापासून. म्हणजे पाच."

यंत्र पहिल्या अक्षराला शून्य म्हणतं. पाच नव्हे, चार हवा होता. ताईंनी ओठ उघडले. मग कालची फाइल आठवली, आणि त्यांनी ते मिटून घेतले. बारा वर्षं गिळलेलं सगळं त्या मिटलेल्या ओठांमागे गोड लागत होतं.

…आता एकही पार्सल बेवारस नव्हतं. खणाचा पहिला आकडा गळाला आणि तारखेचा एक आकडा शेपटीला चिकटला. असेही खण गोदामात होते. पार्सलं रुबाबात जाऊन बसत होती, भलत्याच घरी. तासाभराने, चारशे पार्सलं गेल्यावर, मालकांनी सहज एका खणात हात घातला.

"हे इथं कसं?"

साहेबांनी घाम पुसला. "ताई, जरा बघता का? तुम्हीच तर हे…"

"मी?" ताई शांतपणे म्हणाल्या. "माथ्यावर नाव कुणाचं आहे, मालकांनी वाचावं."

मालकांनी वाचलं. मग साहेबांकडे पाहिलं, बराच वेळ. ताईंनी ते पाहणं डोळे भरून पाहिलं. पुढे वाकून पाचचा चार केला आणि जिन्याने खाली उतरल्या.

…खाली हमालदादा शिडीवर होते. कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधलेला. चारशे पार्सलं एकेक करून उतरवायची, वाचायची, पुन्हा लावायची. तीन दिवसांचं काम, एकट्याचं.

"ताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

ताईंनी बाह्या सरसावल्या आणि हात पुढे केले.

दादांनी खाली पाहिलं. हातातलं पार्सल छातीशी धरलं, सावकाश एकेक पायरी उतरले आणि ताईंना वळसा घालून ते स्वतःच नेऊन ठेवलं. मग परत शिडी चढले.

ताई हात पुढे करून उभ्याच होत्या.