मागच्या फाटकाची मोजणी

मोजणीदाराला या प्रकरणात दमडीही मिळणार नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोक लगेच टेबलाखाली वाकून बघतात. त्याला मिळणार होती त्याची खुर्ची. खिडकीजवळची, बसून बसून पाठीच्या मापाची झालेली. गेले सात महिने त्या खुर्चीत त्याचा मेहुणा बसत होता. धंदा बुडाला तेव्हा "चारच दिवस, दाजी" म्हणून आला आणि पंखा, रिमोट व बहिणीची माया यांच्यासकट तिथंच रुतला.

अशा माणसाला अचानक दुकान सुचलं. बर्गर, तळलेलं चिकन, चिप्स. जागाही मिळाली, शाळेच्या मागच्या गल्लीत. वर राहायला खोली! मोजणीदाराला खुर्ची दिसू लागली.

आडवा आला तो नर्सबाईंचा नियम. या बाई आठ शाळांत फिरून मुलांची तपासणी करायच्या. मुलं फुगत चालली आहेत, धापा टाकताहेत, हे सांगत त्यांनी दोन वर्षं पालिकेच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. शेवटी पालिका कशीबशी कबूल झाली: एका शाळेभोवती वर्षभर करून बघू. फाटकापासून रस्त्यानं चारशे मीटरच्या आत बर्गर-चिप्सचं एकही दुकान नको. आधी मुलांची वजनं घ्या, वर्षानं पुन्हा घ्या. फरक पडला तर नियम गावभर, नाहीतर बासनात.

अंतर मोजायचं काम अर्थातच पालिकेच्या या मोजणीदाराचं. लांब दांड्याचं चाक घेऊन तो शाळेच्या पुढच्या फाटकाशी उभा राहिला. तिथं बर्गरवाल्या मावशींची गाडी होती. अडतीस मीटर.

"अहो साहेब, अकरा वर्षं झाली मला इथं," मावशी म्हणाल्या.

"मावशी, चाकाला वर्षं कळत नाहीत," तो म्हणाला. संध्याकाळी गाडी उठली.

मग त्यानं तेच चाक पुढच्या फाटकापासूनच भिंतीला वळसा घालून मागच्या गल्लीत नेलं. चारशे एकतीस मीटर. मेहुण्याचं दुकान नियमात बसलं.

आता खरी गोष्ट अशी, की शाळेला मागं एक लहान फाटक होतं. तीन वर्षांपूर्वी भिंत फोडून केलेलं, आणि निम्मी शाळा त्यातूनच सुटायची. पण ते नकाशात नव्हतं. नकाशात चढवा म्हणून शाळेनं पाठवलेलं पत्र मोजणीदाराच्याच खणात, पंचिंग मशिनखाली झोपलं होतं. आणि नकाशात नाही ते जमिनीवरही नाही, हा तर धंद्याचा पहिला धडा.

"अहो, खोटं काही लिहिलं नाहीत ना?" बायकोनं विचारलं.

"एक मीटरसुद्धा नाही."

"मग झालं तर!"

दुकान उघडलं, मेहुणा वरच्या खोलीत गेला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणत मोजणीदार खुर्चीत बसला. गादीला मात्र मेहुण्याच्या आकाराचा खड्डा पडला होता. त्यात बसताना दर वेळी थोडं तिरकं व्हायला व्हायचं.

मोजणीदाराची मुलगी अकरा वर्षांची. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून नाव पडलं भिंगरी. तीही मागच्याच फाटकातून सुटायची. मामा भाचीकडून पैसे घेतो थोडेच! आणि भाचीच्या मैत्रिणींना अर्ध्या किमतीत. भिंगरी घरी यायची ती "भूक नाही" म्हणतच. पूर्वी बापाच्या आधी तिसऱ्या मजल्यावर पोचून बेल वाजवणारी मुलगी वर्ष सरता सरता दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकू लागली. "तुम्ही व्हा पुढं, बाबा. मी पायऱ्या मोजत येते."

मोजायची सवय बापाचीच, असं म्हणून तो हसला खरा. पण पुढचा मजला तो सावकाश चढला.

एका रविवारी तो चाक घेऊन शाळेकडे निघाला. भिंगरी मागं लागली. तो पुढच्या फाटकाकडे वळला तसं तिनं चाक हिसकावलं.

"तिथून कशाला? तिथून फक्त हेडमास्तर जातात!"

ती मागच्या फाटकापासून चाक ढकलत मामाच्या दाराशी गेली. थांबली, श्वास घेतला, आकडा वाचला. "शहाऐंशी! बरोबर आहे मामाचं."

"काय म्हणतो मामा?"

"म्हणतो, तुझ्या बाबांचं चाक फार समजूतदार आहे."

पुढच्याच आठवड्यात पालिकेत बैठक भरली. वजनं वाचली गेली. कमी तर नाहीच, होती त्यापेक्षा वाढलेली.

"बघा बाई," अध्यक्ष म्हणाले, "चारशे मीटरात एक दुकान नाही, तरी ही तऱ्हा! दुकानं हलवून पोटं हलत नसतात. आईबापांनीच लक्ष द्यावं."

नर्सबाई कागद उलटसुलट करत होत्या. शाळेत त्या फक्त मंगळवारी यायच्या, पुढच्या फाटकानं, आणि तशाच जायच्या. "मुलांच्या दप्तरात बर्गरचे कागद सापडतात," त्या म्हणाल्या. "मागं एक फाटक आहे म्हणतात मुलं." त्या मोजणीदाराकडे वळल्या. "तुम्ही चाक फिरवलंय तिथं. आहे का हो?"

शहाऐंशी, त्याच्या जिभेवर आलं. पण शहाऐंशी म्हटलं की पुढचं सगळंच आलं: खणातलं पत्र, दुकान, नोकरी, बायकोचा चेहरा, आणि खुर्चीत परत मेहुणा.

"नकाशात नाही," तो म्हणाला.

यातही एक मीटर खोटं नव्हतं.

"तुम्ही म्हणता तर नसेल," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि सगळ्यांदेखत कबूल केलं, की आपलाच अंदाज चुकला असावा. कुणी शिव्या दिल्या असत्या तर मोजणीदाराला सोसल्या असत्या. हा विश्वास सोसेना. पण मूग एकदा गिळले की परत येत नाहीत. नियम बासनात गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं खणातलं पत्र काढलं आणि मागचं फाटक नकाशात चढवलं. अगदी मापात. आता त्यानं कुणाचं काही अडणार नव्हतं.

मेहुण्याला दुसऱ्या शाळेजवळ दुसरं दुकान मिळालं. बायकोला मार्गी लागलेला भाऊ मिळाला. मोजणीदाराला खुर्ची. मावशींची गाडी गेली, बाईंची दोन वर्षं गेली, आणि बाकीच्या सात शाळांतली मुलं तर हिशेबात कधी आलीच नाहीत.

संध्याकाळी तो खुर्चीत तिरका बसला होता. दार उघडं होतं. खालून आवाज येत होता, "अठ्ठावीस... एकोणतीस..." मग मोजणी थांबली. तो कानात प्राण आणून तिसाव्या पायरीची वाट बघत राहिला.