मागच्या दारच्या चपला

नामाने उंबऱ्यापाशी काढलेल्या आपल्या चपला उचलल्या आणि घराला वळसा घालून मागच्या गोठ्याशी नेऊन ठेवल्या. सत्तरी उलटल्यावर माणसाला स्वतःच्याच घरातून स्वतःच्या चपला लपवाव्या लागाव्यात, याचं एरवी त्याला हसू आलं असतं. पण आज सकाळपासून हसण्यासारखं काही घडलं नव्हतं.

"तेवढा फोटोपण काढा, नामाबाबा," ओटीवरून देवेश म्हणाला.

फोटो हर्षलाच्या लग्नातला होता. लेकीचा हात जावयाच्या हातात देताना नामा आणि जया पाटावर शेजारी शेजारी बसलेले. नामाने तो खिळ्यावरून काढला आणि धान्याच्या कणगीमागे भिंतीकडे तोंड करून ठेवला.

देवेश कडावचा. जयाच्या पहिल्या नवऱ्याचा पुतण्या. तो पहिला नवरा म्हणजे नौदलातला जनार्दन कराळे. एकाहत्तरच्या लढाईत बोटीच्या पेटलेल्या इंजिनरूममधून त्याने सहा जणांना वर काढलं आणि सातव्यासाठी पुन्हा खाली उतरला तो वर आलाच नाही. मागाहून त्याला वीरचक्र मिळालं. कडावच्या नाक्यावर त्याचा पुतळा उभा राहिला. दरवर्षी त्याला हार पडत, देवेशचं भाषण होई, आणि जयाला बोलवायचं काही कुणाला सुचत नसे. आता नौदल एका नव्या गस्ती नौकेला जनार्दनचं नाव देणार होतं आणि ते त्याच्या बायकोच्या हातून व्हावं असं वरून ठरलं होतं. मग मात्र कडावकरांना काकी आठवली. नौदलाचा फोन आला तेव्हा देवेशने बेधडक ठोकून दिलं, की काकी पन्नास वर्षं काकांच्या आठवणीत एकटी राहिली. आज नौदलाच्या बाई तिला भेटायला इथे, पळसदरीत येत होत्या आणि ती थाप अंगाशी यायला आली होती.

"पाट लावलाय कळलं तर मान जाईल काकीचा," देवेश घाम पुसत म्हणाला. "जहाजाचं नाव तरी राहतंय का नाय, कोनाला ठाव. तासाभराचा तर प्रश्न हाय." मग त्याने जयाकडे न बघताच पुढचं सांगितलं. "आनि काकी, कपाळावरचं... तेवढ्यापुरतं."

जयाने नामाकडे पाहिलं.

तेव्हाच नामाने नको म्हणायला हवं होतं. त्याने अंगणातल्या शेवग्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "मोठा मान हाय. पूस."

जयाचा चेहरा दगडासारखा झाला. ती आत गेली आणि तिने दार ओढून घेतलं. ती बाहेर आल्यावर तिचं कपाळ बघायची नामाची छाती झाली नाही. तो मागे निघून गेला.

मागच्या दाराची त्याला सवयच होती म्हणायची. त्यांचा पाट लागला तोही मागच्याच दारी. विधवेचं दुसरं लग्न ते. मांडव नाही, वाजंत्री नाही, अंधारात चार माणसं, आणि सकाळी नवी नवरी चुलीपुढे बसलेली. त्याचं नामाला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्याला सलत होतं ते निराळंच. इतक्या वर्षांत जयाने जनार्दनचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. विषय निघालाच तर 'कडावचे' म्हणायची. नवऱ्याचं नाव बाईमाणूस घेत नाही. नामाचंही ती घेत नसे, पण ते रीतीचं झालं. मेलेल्याचंही घेत नाही, त्या अर्थी तिच्या लेखी खरा नवरा अजून तोच, हे नामाने केव्हाच मनाशी धरून ठेवलं होतं. विचारलं कधी नाही. विचारावं आणि ती हो म्हणाली तर उरलेलं आयुष्य काढायचं कसं?

गाडी थांबल्याचा आवाज आला. गोठ्याची भिंत कुडाची, ओटीवरचा शब्दन् शब्द इकडे येत होता. नामाला खोकला आला. तोंडावर पंचा दाबून त्याने तो गिळला. म्हशीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, तसा तो तिच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला.

अधिकारी बाई आवाजावरून तरुण वाटत होत्या. त्यांनी पाणी घेतलं, गावच्या धरणाची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आल्या.

"आजी, तुम्हाला फार काही करायचं नाही. नौकेला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि माईकवर म्हणायचं, 'मी या नौकेला जनार्दन हे नाव देते.' एकदा म्हणून बघता का? त्या दिवशी अडखळायला नको."

नामाचा हात म्हशीच्या कपाळावर जिथल्या तिथे राहिला.

"काकी जुन्या वळनाची हाय, मॅडम," देवेश घाईघाईने म्हणाला. "नवऱ्याचं नाव नाय घ्यायची. तिच्याबदली मी बोललो तर?"

"नाही हो. ते त्यांच्याच तोंडून यायला हवं. आमचीही रीत आहे."

आता ती नाव घेणार नाही, आणि आपण इतकी वर्षं जे धरून बसलो ते खरं ठरणार, हे नामाला लख्ख दिसलं. इथे थांबायलाच नको होतं, धरणावर जाऊन बसलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण पाय हलेनात.

"मी या नौकेला जनार्दन हे नाव देते," जया म्हणाली.

सरळ म्हणाली. चाचरली नाही की आवाज हलला नाही. नाक्यावरच्या रमजान दुकानदाराचं नाव घ्यावं तितक्या सहज.

"परत म्हनू?" तिने विचारलं.

"नको, छान जमलं," बाई हसून म्हणाल्या. "हे तर म्हणत होते, तुम्ही घेतच नाही."

"घरात नाय कंदी घेतलं. घरात एकाला लागलं असतं."

देवेशला एकाएकी ठसका लागला. "काकी, मॅडमना उशीर होतोय," तो म्हणाला. "मॅडम, कार्यक्रमाच्या पासवर सोबत मानूस लिहायचाय ना? माझं लिहा. देवेश कराळे."

"तू गप रं," जया म्हणाली. "माझे मालक येतील सोबत."

गोठ्यात नामाने म्हशीच्या दाव्याचा खुंटा घट्ट धरला.

"बरं," बाई म्हणाल्या. आवाजात ना राग होता ना नवल. कागद उलटल्याचा आवाज आला. "काय नाव त्यांचं?"

जया बोलेना.

"आजी? नाव लागेल मला."

"ते नाय येत मला घेता," जया हळू म्हणाली. "त्यांनाच इचारा. मागं गोठ्यात बसलेत."

गोठ्यातून स्वयंपाकघरात जायला दार होतं, अगदी हाताशी. नामा तिकडे वळला आणि थांबला. त्याने चपला पायांत घातल्या, घराला वळसा घातला आणि पुढच्या अंगणात येऊन उंबऱ्यापाशी बाईंच्या काळ्या बुटांच्या बाजूला त्या काढून ठेवल्या.

देवेश खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. बाई उठून उभ्या राहिल्या. जया भिंतीला पाठ लावून बसली होती. तिचं कपाळ पुसलेलं होतं, पण इतक्या वर्षांचा लाल डाग मात्र पुसून गेला नव्हता.

"आजोबा, नाव सांगा," बाई म्हणाल्या.

"नामदेव," तो म्हणाला, आणि मग बाईंच्या कागदाकडे बघत त्याने पूर्ण सांगितलं. "नामदेव पोशा ठोंबरे."

जयाने वर पाहिलं नाही. ती पदराचं टोक सारखं करत होती.

"अवो," ती म्हणाली, "आलात तसं आतनं माझा करंडा आना. पूस म्हनलात, आता लावा तुमीच."