दैवशालाच्या गेटाबाहेरचा हापसा

मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे. जालन्याबाहेर, शेतं मोडून झालेल्या कॉलनीत, एका गुलाबी बंगल्याच्या गेटाबाहेर गंजत उभा आहे. माझा दांडा हलवू नका. नुसती कुरकुर ऐकाल, पाणी मिळणार नाही.

मला बसवलं तेव्हा इथे भुजंगरावांचं कापसाचं रान होतं. कापूस वेचून दमलेल्या बाया माझ्याकडे येत. तुळजाबाई त्यांतलीच. ती आधी दांडा दोनदा हलकेच हलवायची आणि मग जोर लावायची. त्यामुळे ती आली की मला लगेच कळायचं.

पुढे भुजंगरावांनी रानात प्लॉट पाडले. फलकावर 'बारमाही पाणी' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. ते पाणी म्हणजे मीच, दुसरं कोण? गिऱ्हाईक आलं की भुजंगराव स्वतः मला हापसायचे आणि त्याला ओंजळ धरायला लावायचे. माझी छाती फुगायची. तुळजाबाईचं मजुरीचं रान मात्र गेलं. ती कॉलनीच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहू लागली.

धावडा गावाहून आलेल्या दैवशालाचं घर माझ्या अगदी जवळ उठलं. नव्या भिंतींना ती सकाळ-संध्याकाळ माझंच पाणी मारायची. ती थकली की तुळजाबाई दांडा धरायची. वास्तुशांतीच्या दिवशी दैवशालाने मला हळदकुंकू लावलं. म्हणाली, "याच्या जिवावर घर उभं राह्यलं. याला मी कधी इसरणार न्हाई." मी खुळा, मला ते खरं वाटलं.

मग घरोघरी बोअर झाले. दैवशालाच्या नवऱ्याने, कल्याणने, गावाकडून पाणी पाहणारा माणूस आणला. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून प्लॉटभर फिरला. नारळ उभा राहिला तो नेमका माझ्या शेजारी, कुंपणाच्या आत! सगळ्यांनी हात जोडले. अरे, इथे पाणी आहे हे सांगायला नारळ कशाला हवा होता? मी इतकी वर्षं काय दूध देत होतो?

तुळजाबाई मात्र धास्तावली. "दैवशाला, इतक्या जवळ नको पाडू माय. हापसा सुकून जाईल. मंग मी पाण्याला कुठं जाऊ?"

"मावशी, बोअर काय माझ्या एकटीचा हाय का? तुम्हाला बराबर पाणी देईन. बिलकुल काळजी करू नका."

बोअर माझ्यापेक्षा कितीतरी खोल गेला. उन्हाळा लागण्याआधीच माझं पाणी तुटलं. सुरुवातीला तुळजाबाईला घागर मिळाली. मग "लाइट न्हाई" झालं, मग "टाकीच भरली न्हाई" झालं आणि शेवटी गेटाला आतून कडी लागली. मित्रांनो, मला राग येतो. परक्याने केलं असतं तर एवढा आला नसता.

परवा दैवशाला मोटार चालू ठेवून शेजारी गप्पा मारत बसली. टाकी भरून वाहू लागली. गच्चीवरून पाण्याची धार थेट माझ्या डोक्यावर पडली. ती धावत आली आणि तिने मोटार बंद केली. धार थांबली, पण माझ्या तोंडातून थेंब गळतच राहिले.

तेवढ्यात तुळजाबाई रस्त्याने आली. ते थेंब पाहून थबकली. "आलं गं माय, हापशाला पाणी आलं!" म्हणत खोलीकडे पळाली आणि घागर घेऊन आली. तिने दांडा दोनदा हलकेच हलवला. मग सगळा जोर लावला. मी नुसता खडखडत राहिलो. माझ्यामुळे ती फसली, हे मला अजून सहन होत नाही.

दैवशाला गेटाच्या आत उभी होती. "मावशी, ते टाकीचं पाणी व्हतं," ती हळूच म्हणाली. तिचा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला. तुळजाबाईने रिकामी घागर कमरेवर घेतली आणि ती निघून गेली.

मित्रांनो, मला रंग नको, हळदकुंकूही नको. टाकी भरली की मोटार बंद करा. आणि गेटाची कडी काढून एकदा बाहेर बघा. तुमचं घर बांधताना ज्यांनी पाणी ओढलं, ते घागर घेऊन उभे असतील.